कोलेस्टेरॉलची गोळी सोडून रेड यीस्ट राइस घेतलं, त्याचा सविस्तर रिव्ह्यू

ज्या बाटलीचा रिव्ह्यू लिहायला बसलेय ती समोरच ठेवलीय. पांढरी प्लॅस्टिकची बाटली, निळं झाकण, आत साठातल्या एकवीस कॅप्सुल उरल्यात. पुढच्या बाजूला हिरवं पान आणि मोठ्या अक्षरात हृदयाची काळजी वगैरे लिहिलंय, आणि मागे चष्मा लावूनही नीट दिसत नाही इतक्या बारीक टायपात 'औषध म्हणून वापरण्यासाठी नाही' असं इंग्रजीत छापलंय. ते वाक्य मी ही बाटली घेतल्यावर तीन महिन्यांनी वाचलं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माझं म्हणणं एका कंपनीपुरतं नाहीये, ह्या सगळ्या प्रकाराबद्दलच आहे. डॉक्टरांनी दिलेली स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी मी स्वतःच्या मनाने बंद केली, साडेपाच महिने रेड यीस्ट राइसची सप्लिमेंट घेतली आणि त्या काळात काय काय झालं ते रिपोर्टच्या आकड्यांसकट सांगतेय. ज्यांच्या घरात कुणाला नुकतीच ही गोळी सुरू झालीय आणि पाय दुखायला लागलेत त्यांनी कृपया पूर्ण वाचा, लांबलंय, पण वाचा.

मी ५३ वर्षांची, राहायला डोंबिवलीला, नोकरी दादरला. पाळी जाऊन दोन-अडीच वर्षं झाली. माझ्या सख्ख्या दादाला ४९ व्या वर्षी अटॅक आला होता, एक स्टेंट आहे त्याला, त्यामुळे आमच्या फॅमिली डॉक्टरांनी गेल्या वर्षी जानेवारीत मला जबरदस्तीने लिपिड प्रोफाइल करायला लावलं. टोटल २६२, ट्रायग्लिसराइड १६५, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ४४ आणि एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १८५. बीपीची एक गोळी आधीपासून चालू आहेच. डॉक्टर म्हणाले पाळी गेल्यावर बायकांचं एलडीएल वाढतंच, पण १८५ आणि वर भावाची हिस्ट्री, हे नुसतं तूप-तेल कमी करून आटोक्यात येणार नाही. त्यांनी ॲटोर्व्हास्टॅटिन २० ही स्टॅटिन लिहून दिली. तीन महिन्यांनी एलडीएल १०४. म्हणजे गोळीने जे करायचं ते चोख केलं होतं, हे आधीच सांगून टाकते.

पण दीडएक महिन्यानंतर माझ्या पोटऱ्या दुखायला लागल्या. नुसत्या दुखायच्या नाहीत, जड व्हायच्या, ओल्या गोणपाटासारख्या. स्टेशनचा पूल चढताना अर्ध्यावर थांबावं लागायचं, मागून लोक ढकलत असायचे. देवघरासमोर बसलं की उठताना पाटाला हात टेकल्याशिवाय उठता यायचं नाही, रात्री पायात गोळे यायचे ते वेगळेच. आमच्या लेडीज डब्यात रोजच्या सात-आठ जणी ठरलेल्या, त्यातली एक म्हणाली अगं कोलेस्टेरॉलच्या गोळीने स्नायू झिजतात, माझ्या सासूबाईंची बंदच केली आम्ही. मग मी मोबाइलवर वाचायला लागले आणि जितकं वाचलं तितकी घाबरत गेले. स्नायू, लिव्हर, शुगर, विस्मरण, सगळंच. आणि जे वाचलं ते ते मला व्हायला लागलंय असं वाटायचं. जूनमध्ये मी गोळी बंद केली. डॉक्टरांना सांगितलं नाही. ही माझी ह्यातली सगळ्यात मोठी चूक, पुढे कळेल का ते.

माझी ताई न्यूजर्सीला असते, एडिसनला. ती दरवर्षीप्रमाणे जूनमध्ये आली ती माझ्यासाठी रेड यीस्ट राइसच्या तीन बाटल्या घेऊन. तिकडे दुकानात व्हिटॅमिनच्या रांगेतच मिळतात म्हणे, चिठ्ठी लागत नाही, तिच्या ओळखीतल्या चार-पाच जणी घेतात, नॅचरल आहे, साइड इफेक्ट नाही. ताईने प्रेमाने आणलं होतं आणि मलाही नेमकं हेच ऐकायचं होतं. त्याच्या जोडीला मी इथून माशाच्या तेलाच्या कॅप्सुल, लसणीच्या कॅप्सुल आणि स्नायूंसाठी म्हणून को-क्यू-टेन मागवलं. सकाळी ताटलीत सात कॅप्सुल मांडायची मी. एक गोळी नको म्हणून सात.

ताईच्या बाटल्या अडीच महिने पुरल्या. ऑगस्टअखेर रिपोर्ट केला, एलडीएल १४८. मला इतका आनंद झाला की मी तो रिपोर्ट दादालाही पाठवला आणि म्हटलं बघ, गोळीशिवाय उतरतंय. (नशीब दादा शहाणा, त्याने त्याची गोळी सोडली नाही.) पाय पहिले दोन आठवडे खूपच हलके झाल्यासारखे वाटले, मग हळूहळू परत दुखायला लागले, तेव्हा मी म्हटलं वयाचं असेल.

मग सप्टेंबरपासून ही समोरची इथली बाटली, ऑनलाइन मागवलेली, महिन्याला ११५० रुपये. लेबलवर मिलिग्रॅम तेवढेच, दिवसाला दोन कॅप्सुल तशाच. फरक एकच होता, आतली पूड. ताईच्या कॅप्सुलमधली गडद विटकरी होती आणि ह्यातली फिकट, हळदकुंकू एकत्र सांडल्यावर होतो तसा रंग. मी एक कॅप्सुल उघडून बशीत ओतूनही बघितली होती, पण रंगावरून काही ठरवायची अक्कल मला कुठे. डिसेंबरच्या सुरुवातीला रिपोर्ट केला तर एलडीएल १७९. जवळजवळ जिथे होते तिथे. आणि एसजीपीटी, जो लिव्हरचा आकडा, तो ७१ आला, आधी कायम तिशीच्या आत असायचा. तो ह्याच कॅप्सुलमुळे वाढला असं मी छातीठोक म्हणणार नाही, सात-सात कॅप्सुल एकदम घेत होते, कोणाला धरणार. पण त्या रात्री मला झोप लागली नाही हे खरं.

ह्यांनी मला अक्षरशः हाताला धरून एका फिजिशियनकडे नेलं. मॅडम वयाने माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती ही, की घरात ज्या ज्या डब्या-बाटल्या आहेत त्या आणल्यात का. मी पिशवीच घेऊन गेले होते. त्यांनी एकेक बाटली काढून टेबलावर उभी केली, मागची बाजू वाचली आणि मग रेड यीस्ट राइसची बाटली माझ्याकडे फिरवून म्हणाल्या, "ताई, तुम्ही स्टॅटिन सोडलेलीच नाहीत. फक्त कुठली आणि किती घेताय ते तुम्हाला माहीत नाहीये."

हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर! भातावर मोनास्कस नावाची बुरशी वाढवली की तो लाल होतो, चीनमध्ये खाण्यात रंगासाठी आणि औषधात पूर्वापार वापरतात. त्या बुरशीत मोनाकोलिन के नावाचा पदार्थ तयार होतो, आणि मोनाकोलिन के म्हणजेच लोव्हास्टॅटिन. सारखं नाही, तेच. लोव्हास्टॅटिन ही अमेरिकेत १९८७ साली मंजूर झालेली पहिली स्टॅटिन. म्हणजे ज्या औषधाला घाबरून मी पळाले त्याच्याच भावंडाला मागच्या दाराने घरात घेतलं होतं. आणि नॅचरलचं म्हणाल तर स्टॅटिनचा शोधच मुळात बुरशीतून लागलाय, अकिरा एन्डो नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकात हजारो बुरशा तपासून पेनिसिलियमच्या एका जातीतून पहिली स्टॅटिन काढली होती, २०२४ मध्ये ते वारले. मग नॅचरल कुठलं आणि केमिकल कुठलं ही भांडणं मला आता अगदी फिजूल वाटतात. प्रश्न एवढाच की आत किती आहे आणि ते कोण मोजतंय.

कोणीच मोजत नाही, हे उत्तर. अमेरिकेत २०१७ साली दुकानात मिळणाऱ्या रेड यीस्ट राइसच्या २८ ब्रँडची तपासणी छापून आली होती, त्यात दोन ब्रँडमध्ये मोनाकोलिन के सापडलंच नाही आणि बाकीच्यांत सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त ह्यात साठ पटींपेक्षा जास्त फरक होता. लेबल बघून काही कळायचा मार्ग नाही. माझ्या दोन बाटल्यांच्या दोन रिपोर्टांचं कोडं इथे सुटलं, निदान मला तरी तसंच वाटतं. युरोपात २०२२ मध्ये दिवसाला ३ मिलिग्रॅमच्या आतच मोनाकोलिन चालेल असा नियम झाला. बरं ही बुरशी नीट वाढवली नाही तर त्यात सिट्रिनिन नावाचं किडनीला घातक विषही तयार होऊ शकतं. आणि जपानमधली गोष्ट तर ताजीच आहे, मार्च २०२४ मध्ये कोबायाशी फार्मास्युटिकल ह्या मोठ्या कंपनीने लाल कोजीच्या, म्हणजे ह्याच लाल तांदळाच्या गोळ्या बाजारातून परत मागवल्या, घेणाऱ्यांच्या किडनीला त्रास होऊन शेकडो लोकांना ॲडमिट करावं लागलं, तपासात प्युबेरुलिक ॲसिड नावाचा दुसऱ्याच एका बुरशीचा विषारी पदार्थ सापडला. जपानसारख्या काटेकोर देशात हे झालं. मी हे ताईला वाचून दाखवलं तेव्हा ती बराच वेळ काही बोललीच नाही.

आता पायांचं. मॅडमनी रक्ताच्या चार टेस्ट लिहिल्या. सीपीके, म्हणजे स्नायू खरंच झिजत असतील तर जो वाढतो तो, आला १२८, अगदी नॉर्मल. व्हिटॅमिन डी आलं ९. आणि टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडला की जो वाढतो तो, ११.४. मला थायरॉइड होता! कधीपासून होता देव जाणे, पहिल्या वेळी कुणी तपासलाच नव्हता. थायरॉइड कमी पडला की एलडीएल आपोआप वाढतं, आणि स्नायू दुखतात, जड होतात, गोळे येतात, वर अशा माणसाला स्टॅटिन दिली तर दुखणं आणखी जाणवू शकतं. म्हणजे दोन्ही गोष्टींचं मूळ एकाच ठिकाणी होतं आणि मी वर्षभर गोळीच्या नावाने खडे फोडत होते. स्टॅटिन सुरू करायच्या आधी टीएसएच बघायला पाहिजे होता असं मॅडम स्पष्ट म्हणाल्या. हे वाचणाऱ्या प्रत्येकाला माझं हात जोडून सांगणं आहे, एलडीएल वाढलेलं दिसलं की त्याच रक्तात टीएसएच करून घ्या, फार पैसे लागत नाहीत.

तीन महिने फक्त थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी आणि आठवड्याला डी-थ्रीची एक पुडी दुधातून, आठ आठवडे. बाकी सगळ्या बाटल्या बंद. मार्चमध्ये टीएसएच ३.२, एसजीपीटी २८, पाय बारा आणे बरे. एलडीएल १५८. थायरॉइडच्या गोळीने वीसएक उतरवलं, पण पुरेसं नाही. दादाची हिस्ट्री आणि माझं बीपी धरून मॅडमना ते सत्तरच्या आत हवं होतं. आपल्या कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये जे नियम काढलेत त्यातही जास्त धोका असलेल्यांसाठी ७० च्या आत, सर्वसाधारण माणसासाठी १०० च्या आत असंच आहे.

मग परत स्टॅटिन. ह्यावेळी रोझुव्हास्टॅटिन ५, सगळ्यात लहान डोस. मी खूप घाबरले होते, खोटं कशाला बोलू. तेव्हा मॅडमनी मला एका प्रयोगाबद्दल सांगितलं, मी नंतर मुलाकडून पूर्ण वाचून घेतला. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने २०२० मध्ये छापलेला. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेली ६० माणसं घेतली, प्रत्येकाला बारा महिन्यांसाठी बारा बाटल्या, चारमध्ये ॲटोर्व्हास्टॅटिन २०, चारमध्ये दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, आणि चार बाटल्या चक्क रिकाम्या. रोज किती त्रास होतोय त्याचे मार्क फोनवर द्यायचे. गोळी नसलेल्या महिन्यांत त्रास कमी होता, आणि गोळीच्या महिन्यांत जास्त, पण खऱ्या आणि खोट्या गोळीत जवळजवळ फरकच नव्हता. त्रासातला ९० टक्के भाग नुसती गोळी घेतोय ह्यानेच येत होता. नंतर त्यातल्या निम्म्या लोकांनी परत स्टॅटिन सुरू केली. २०२२ मध्ये अशा १९ मोठ्या अभ्यासांची बेरीज करून छापली तेव्हाही तेच दिसलं, स्टॅटिन घेणाऱ्यांत २७.१ टक्के लोकांनी स्नायू दुखतात सांगितलं आणि खोटी गोळी घेणाऱ्यांत २६.६ टक्के. जो थोडा जास्तीचा त्रास होता तो मुख्यतः पहिल्या वर्षात.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. ह्याचा अर्थ "तुझ्या मनाचे खेळ आहेत" असा कुणी घरात काढू नका. दुखतं ते खरंच दुखतं. माझ्या पोटऱ्या दुखत होत्या, मी पुलावर थांबत होते, ते काही नाटक नव्हतं. फक्त दुखण्याचं खापर कुणावर फोडायचं हे आपल्याला आतून कळत नाही, त्याला टेस्ट लागते आणि नोंद लागते. आणि काही थोड्या लोकांना स्टॅटिनने खराच स्नायूंचा त्रास होतो, फार क्वचित तो जीवघेणाही होतो, सेरिव्हास्टॅटिन नावाची एक स्टॅटिन २००१ मध्ये ह्याच कारणाने जगभरातून काढून घेतली होती. अंग भयंकर दुखतंय, हातापायातला जोर गेलाय आणि लघवी काळ्या चहासारखी होतेय असं झालं तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तसंच ॲटोर्व्हास्टॅटिन चालू असताना दुसऱ्या डॉक्टरने क्लॅरिथ्रोमायसिन अँटिबायोटिक दिलं तर आपली गोळी चालू आहे हे त्यांना सांगा, त्याने गोळीचं रक्तातलं प्रमाण खूप वाढतं.

मी नोंद कालनिर्णयवर केली. रोजच्या चौकटीत कोपऱ्यात पेन्सिलने शून्य ते दहा, पाय किती दुखले. गोळी घ्यायच्या आधीचे पंधरा दिवसही लिहायला लावले होते मॅडमनी, ते मला फार उपयोगी पडलं. आधीचे आकडे दोन, एक, दोन, तीन असे. गोळी सुरू केल्याच्या पहिल्या तीन दिवसांत सहा, सहा, पाच. इतक्या लहान गोळीने तीन दिवसांत एवढं? मी फोन केला, मॅडम म्हणाल्या दहा दिवस आणखी लिहा, मग बोलू. दहाव्या दिवशी परत दोन होता. मे महिन्यात शून्याची रांग लागलीय, पानभर. आणि ह्या वर्षीचा सगळ्यात मोठा आकडा, सात, तो गौरी जेवल्या त्या दिवसाचा आहे, पहाटे चारपासून रात्री अकरापर्यंत ओट्याशी उभी होते, पुरण, आळूवडी, सोळा भाज्या. मागच्या वर्षी हाच सात मी गोळीच्या किंवा वयाच्या नावावर लिहिला असता.

रोझुव्हास्टॅटिन ५ ने जूनमध्ये एलडीएल ९७. डोस वाढवायचा का अशी चर्चा झाली, मला नको होतं, तर मॅडमनी जोडीला इझेटिमाइब १० दिली. ती आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषू देत नाही, स्टॅटिन यकृतात कोलेस्टेरॉल बनण्याला आळा घालते, म्हणजे दोघींची कामं वेगळी. सप्टेंबरमध्ये एलडीएल ७३. ज्यांना स्टॅटिन खरंच, सगळं तपासूनही, सहन होत नाही त्यांच्यासाठी बेम्पेडोइक ॲसिड नावाची गोळीही आहे, ती यकृतात जाऊनच जागी होते, स्नायूंत होत नाही, २०२३ मध्ये तिचा मोठा अभ्यास आला त्यात हार्टचे प्रसंग कमी झालेले दिसले. मात्र तिने युरिक ॲसिड वाढतं, गाऊट असेल तर जपून. म्हणजे गोळी सोसली नाही म्हणजे थेट पानाचं चित्र असलेल्या बाटलीकडेच जावं लागतं असं अजिबात नाही, मध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत.

साइड इफेक्ट म्हणून एक मात्र खरंच आहे आणि मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं, स्टॅटिनने शुगर जराशी वर सरकू शकते, आधीच काठावर असलेल्यांना त्यामुळे डायबिटीस थोडा लवकर लागू शकतो. माझं एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी, ५.८ होतं, आता ५.९ आहे. म्हणून रात्री जेवल्यावर आम्ही दोघं वीस मिनिटं चालतो, आधी नव्हतो चालत. हा इफेक्ट मी हिशोबात धरलाय आणि तरीही गोळी घेतेय, कारण दादाला आयसीयूच्या काचेतून बघितलंय मी.

बाकीच्या बाटल्यांबद्दल थोडक्यात. माशाचं तेल ट्रायग्लिसराइडसाठी असतं, एलडीएल त्याने उतरत नाही, दिवसभर सुकटीचे ढेकर येतात, आम्ही तसेही आठवड्यातून दोनदा बांगडा खाणारी माणसं, परत घेणार नाही. को-क्यू-टेन १४०० रुपयांचं, मला तरी काही फरक जाणवला नाही आणि अभ्यासातही ठाम काही निघालेलं नाही. लसणीच्या कॅप्सुल तर अजिबात नको. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकने २०२२ मध्ये माशाचं तेल, दालचिनी, लसूण, हळद, प्लांट स्टेरॉल आणि रेड यीस्ट राइस अशा सहांना रोझुव्हास्टॅटिन ५ शेजारी उभं केलं, २८ दिवस. रोझुव्हास्टॅटिनने एलडीएल सुमारे ३८ टक्के उतरलं, सहांपैकी एकही खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही, लसणीत तर जरा वाढलंच. हा अभ्यास रोझुव्हास्टॅटिनच्या कंपनीच्याच पैशावर झालाय आणि २८ दिवस म्हणजे फार नाहीत, हे लक्षात ठेवूनच वाचावा, पण माझा स्वतःचा रिपोर्ट काही वेगळं सांगत नाहीये.

गुग्गुळाबद्दल खूप जण विचारतील म्हणून. आयुर्वेदावर माझी श्रद्धा आहे, माझे सांधे वैद्यांनीच बरे केलेत. गुग्गुळावर आपल्याकडे बनारसला साठच्या दशकात मोठं काम झालंय, लखनौच्या सरकारी संस्थेने त्याचं औषधही काढलं होतं. पण २००३ मध्ये अमेरिकेत खोट्या गोळीशेजारी ठेवून तपासलं तेव्हा एलडीएल उतरायच्या ऐवजी थोडं वाढलं आणि काहींच्या अंगावर पुरळ आलं. आमच्या वैद्यांना मी विचारलं तर ते स्वच्छ म्हणाले, भावाला अटॅक आलाय ना, मग ती गोळी चालू ठेवा, मी पचनाचं बघतो. असा वैद्य मिळायला भाग्य लागतं.

ह्या सगळ्यात एकाच गोष्टीला मी मनापासून चांगलं म्हणेन ती म्हणजे इसबगोल. रात्री दोन चमचे, मोठा ग्लासभर पाण्यातून, लगेच प्यायचं नाहीतर खळ होते. नियमित घेतलं तर एलडीएल पाच-सात टक्के उतरू शकतं, पोट साफ होतं ते वेगळं, आणि स्वस्त. फक्त थायरॉइडची गोळी आणि इसबगोल ह्यात बरेच तास ठेवा, मी म्हणूनच ते रात्री घेते. ओट्स, राजमा, वाल, जवसाची चटणी हेही चालू आहे, पण ते गोळीच्या जोडीला, गोळीच्या ऐवजी नाही.

पैशाचं सांगायचं तर सप्लिमेंटचे महिन्याला पावणेचार हजार जात होते. आता दोन्ही गोळ्या मिळून तीनशेच्या आसपास, आणि जनऔषधी केंद्रातून घेतल्या तर त्याहून बऱ्याच कमी. मी रोझुव्हास्टॅटिन तिथूनच घेते, रिपोर्ट त्याच गोळ्यांवरचा आहे.

रेटिंग द्यायचं तर रेड यीस्ट राइसच्या ह्या बाटलीला एक स्टार, तोही डिलिव्हरी वेळेवर आली म्हणून. रोझुव्हास्टॅटिन ५ आणि इझेटिमाइबला साडेचार, अर्धा शुगरसाठी कापला. पुढचा रिपोर्ट डिसेंबरमध्ये, ७३ चं सत्तरच्या आत येतं का बघायचं.

ताईचा परवा फोन होता, दिवाळीत काय पाठवू म्हणून. मी म्हटलं बाटल्या सोडून काहीही. मग तिला विचारलं, तू स्वतः चार वर्षं हे घेतेयस ना, तुझा एसजीपीटी आणि टीएसएच शेवटचा कधी बघितलास. तिला आठवत नव्हतं. पायात गोळे येतात का विचारलं तर म्हणाली येतात गं, पण थंडीने येत असतील. आज सकाळी तिचा मेसेज आलाय, गुरुवारची अपॉइंटमेंट मिळालीय आणि सगळ्या बाटल्या पिशवीत भरून नेतेय.